सामर्थ्यावरची आकारणी : औतापासून मेनफ्रेमपर्यंत

पैनगंगेच्या दक्षिणेकडील बेला, जैनथ, तामसी या बाजूच्या मराठी गावांतून ज्यांचे बालपण गेले, त्यांना बलुत्याची चाल निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडून तरी परिचित असेल. सुतार वर्षभर कुणब्याचा नांगर, वखर आणि तिफण दुरुस्त करी आणि सुगीत खळ्यावर त्याच्या पदरात धान्य पडे. हे धान्य किती द्यावयाचे, हे पुष्कळ ठिकाणी औतावरून ठरत असे. सुताराने वर्षभरात किती वेळा वाकस उचलला, याचा हिशेब कोणी ठेवीत नसे. कुणब्याच्या घरी औते किती, एवढेच पाहिले जाई. एकाचे औत वर्षात एकदाही मोडले नाही आणि दुसऱ्याचे चार वेळा मोडले, तरी दोघांचे बलुते सारखेच. हा व्यवहार न्याय्य होता काय? आणि तो अन्याय्य म्हणावा, तर पिढ्यान् पिढ्या तो चालला कसा?

हा प्रश्न आज कालबाह्य वाटेल. परंतु औताच्या जागी यंत्र घातले की तोच प्रश्न जगातील मोठ्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती यांच्यापुढे गेली अनेक दशके उभा आहे, असे दिसून येईल. मेनफ्रेम नावाचे जे मोठे संगणक या संस्था वापरतात, त्यांवर चालणाऱ्या आज्ञावलींचे, म्हणजेच सॉफ्टवेअरचे, मोल त्यांनी केलेल्या कामावरून ठरावे की ज्या यंत्रावर त्या ठेवल्या आहेत त्या यंत्राच्या सामर्थ्यावरून ठरावे, हा तो वाद होय. विषय तांत्रिक दिसतो. पण त्याच्या मुळाशी असलेला न्यायाचा प्रश्न आपल्या गावगाड्याला आणि जमाबंदीला चांगला परिचित आहे. त्या परिचयाच्या आधारेच तो येथे उलगडून पाहावयाचा आहे.

प्रथम मेनफ्रेम म्हणजे काय, हे स्पष्ट केले पाहिजे. मेनफ्रेम म्हणजे महासंगणक नव्हे. महासंगणक हवामानासारखे एखादे प्रचंड गणित अतिशय वेगाने सोडवितो. मेनफ्रेमचे काम निराळे. खात्यातून पैसे काढणे, विम्याचा हप्ता जमा करणे, विमानातील जागा राखून ठेवणे, असे लक्षावधी लहान व्यवहार तो अहोरात्र आणि बिनचूक पार पाडतो. आयबीएम या अमेरिकन कंपनीने ७ एप्रिल १९६४ रोजी ‘सिस्टिम/३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. लहान यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली त्याच मालिकेतील मोठ्या यंत्रावरही चालावी, हे तिचे वैशिष्ट्य होते. आजचे मेनफ्रेम याच घराण्यातील असून, पूर्वी लिहिलेल्या कितीतरी आज्ञावली त्यांवर अद्याप चालत आहेत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे न्यायाचा विचार करताना तिचे महत्त्व कळेल.

त्या काळी ही यंत्रे बहुधा भाड्याने दिली जात. ठराविक मासिक भाड्यात महिन्याकाठी १७६ तास वापर मिळे. त्याहून अधिक वापर झाल्यास यंत्रावरील मीटर पाहून जादा आकार घेतला जाई. आज्ञावली मात्र यंत्राबरोबर येत. त्यांचे वेगळे मोल नव्हते. अमेरिकन सरकारने जानेवारी १९६९ मध्ये आयबीएमवर मक्तेदारीविरोधी खटला भरला. त्याच वर्षी २३ जून रोजी कंपनीने यंत्र आणि आज्ञावली यांची फारकत जाहीर केली. यंत्रांच्या किमती ३ टक्क्यांनी उतरल्या, आणि १९७० पासून काही आज्ञावलींना स्वतंत्र किंमत लागू झाली. आज्ञावली ही विकण्याची वस्तू झाली, आणि तिचे मोल कशाने मोजावे हा प्रश्न त्या दिवसापासून सुरू झाला.

येथे एक मूलभूत अडचण आहे. ज्वारीचा एक मण विकला की विकणाऱ्याजवळ तो उरत नाही. दुसरा मण पिकवावयाचा तर पुन्हा तेवढाच खर्च. आज्ञावलीचे तसे नाही. ती प्रथम रचण्यास अमाप श्रम व पैसा लागतो. परंतु एकदा रचल्यावर तिची हजारावी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच लागत नाही. तेव्हा प्रतीच्या खर्चावरून किंमत ठरविली तर रचनेचा खर्च निघत नाही. आणि सर्वांना एकच सरासरी किंमत लावली तर लहान संस्थेला ती परवडत नाही आणि मोठ्या बँकेला ती नगण्य वाटते. म्हणून ज्याला आज्ञावलीचा अधिक लाभ, त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व पुढे येते. पण लाभ मोजणार कसा? तो प्रत्येकाच्या वह्यांत दडलेला असतो. यंत्राचे सामर्थ्य मात्र उघड्यावर असते, आणि मोठे यंत्र घेणाऱ्याचे काम मोठे असणार, हा तर्कही सामान्यतः खरा ठरतो. औते पाहून कुणब्याचे घर केवढे हे सुतार ओळखी, तसाच हा प्रकार.

अशा रीतीने आज्ञावलींचे मोल यंत्राच्या आकारावरून ठरू लागले. प्रथम यंत्रांचे लहानमोठे गट पाडून प्रत्येक गटाला एक दर लावण्यात आला. या पद्धतीत गटाच्या सीमेवर मोठी पायरी असे. यंत्र किंचित वाढले आणि वरच्या गटात गेले की सर्व आज्ञावलींचे मोल एकदम चढे. पुढे १९९४ मध्ये आयबीएमने अनेक यंत्रे जोडून चालविणाऱ्या ग्राहकांसाठी ‘एमएसयू’ या एककावर आधारलेली आकारणी आणली. यंत्र एका तासात जेवढे काम करू शकते त्याची मोजणी दशलक्षांच्या हिशेबाने करणारे हे एकक होय. एककाची संख्या वाढत जाईल तसा दर एककामागचा आकार उतरत जातो. त्यामुळे गटांची मोठी पायरी गेली आणि उताराचा रस्ता आला. परंतु मोजले जात होते ते यंत्राचे सामर्थ्यच.

आता ग्राहकाची तक्रार ऐकावी. समजा, एका बँकेने १,००० एमएसयूचे यंत्र घेतले. कारण महिनाअखेरीस कामाची गर्दी होते आणि दोन वर्षांनी व्यवहार वाढतील अशी तिची अपेक्षा आहे. सामान्य दिवशी तिचे काम ४०० एककांत भागते. तरीही प्रत्येक आज्ञावलीचे मोल तिने १,००० एककांच्या हिशेबाने द्यावयाचे. शिवाय जुने यंत्र बदलून नवे, अधिक वेगवान यंत्र घेतले, तर काम तेच, आज्ञावलीही तीच, आणि मोल मात्र वाढलेले. यंत्राची प्रगती यंत्र करणाऱ्याने केली, त्याची किंमत ग्राहकाने मोजली. मग ज्या आज्ञावलीत अक्षराचाही फरक झाला नाही तिच्या धन्याने जादा का मागावे? ही तक्रार निराधार म्हणता येत नाही.

पण केवळ वापर मोजावा म्हणजे झाले, असे म्हणणेही तितकेसे सोपे नाही. आपल्या जमाबंदीचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. पेशवाई गेल्यानंतर मुंबई इलाख्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनची मोजणी हाती घेतली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न व त्यावरील खर्च काढून निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा घ्यावा, असे त्याचे तत्त्व होते. तत्त्व म्हणून ते निर्दोष वाटते. व्यवहारात मात्र मोजणीत चुका झाल्या, खालच्या नोकरांनी हात ओले केले, सारा डोईजड झाला आणि शेते ओसाड पडली. १८३५-३६ मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नवी रीत घातली, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम मांडले. मातीचा पोत आणि खोली पाहून जमिनीची प्रत लावावयाची. पावणेदोन हात खोलीची उत्तम काळी जमीन सोळा आण्यांची, खोली कमी होईल तसे आणे कमी, आणि चुनखडी, रेती, उतार यांसारख्या दोषांसाठी आणखी वजावट. म्हणजे पीक किती आले हे न पाहता जमीन काय पिकवू शकते, हे पाहावयाचे. ही उघडउघड सामर्थ्यावरची आकारणी होती. निजामी राज्यात सालारजंगांच्या सुधारणांनंतर जी मोजणी व प्रतबंदी झाली, तिचा नमुनाही मुंबई इलाख्याचाच होता.

ही पद्धत टिकली ती ती सर्वांगाने न्याय्य होती म्हणून नव्हे. निव्वळ उत्पन्न हे सूक्ष्म माप कोणाला पडताळता येत नव्हते. मातीची खोली मात्र कोणाही शेतकऱ्याला कुदळीने पाहता येत होती. यावरून पहिला निष्कर्ष निघतो. स्थूल पण उभयतांना पडताळता येण्याजोगे माप हे, सूक्ष्म पण एकाच पक्षाच्या हाती असलेल्या मापापेक्षा अधिक न्याय्य ठरू शकते.

परंतु त्या पद्धतीला जोडलेल्या दुरुस्त्याही विसरता कामा नयेत. सारा तीस वर्षांसाठी कायम असे. शेतकऱ्याने स्वतःच्या पैशाने विहीर खणली किंवा ताली घातल्या, तर त्या सुधारणेमुळे वाढलेल्या उत्पन्नावर पुढील जमाबंदीत सारा वाढवू नये, हे तत्त्व कायद्याने मान्य केले होते. दुष्काळात पिकाची आणेवारी पाहून साऱ्याला तहकुबी किंवा सूट देण्याची सोयही होती. म्हणजे आकारणी प्रतबंदीवर आणि दिलासा आणेवारीवर. एक माप सामर्थ्याचे, दुसरे प्रत्यक्षाचे. या दुरुस्त्या नेहमी उदारपणे अंमलात आल्या असे नाही. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जे दंगे केले, त्यांच्या कारणांत वाढलेल्या साऱ्याचाही उल्लेख होतो. तथापि सामर्थ्याच्या मापाला प्रत्यक्षाच्या मापाने आवर घालावा लागतो, हे तत्त्व त्या व्यवस्थेने मान्य केले होते, यात शंका नाही.

मेनफ्रेमच्या जगात अशी दुरुस्ती यावयास २००० साल उजाडले. त्या वर्षी ‘झेड ९००’ हे यंत्र जाहीर झाले, आणि त्याच्याबरोबर यंत्राच्या पूर्ण सामर्थ्याऐवजी त्यातील वापरलेल्या भागावर मोल घेण्याची योजना आली. वाड्यात भिंती घालून बिऱ्हाडे करावीत, तसे एका मेनफ्रेमचे अनेक विभाग पाडता येतात. आज्ञावली ज्या विभागांत ठेवली असेल, त्या विभागांच्या वापराची सतत चार-चार तासांची सरासरी काढावयाची आणि महिन्यातील सर्वांत मोठी सरासरी धरून त्या महिन्याचे मोल ठरवावयाचे. क्षणभराच्या गर्दीने ग्राहक भरडला जाऊ नये, म्हणून चार तासांची सरासरी. आणि यंत्र मोठे घेतले एवढ्यावरून दंड होऊ नये, म्हणून प्रत्यक्ष वापराचे शिखर. हा निश्चितच पुढचा टप्पा होता.

तरी त्यातही दोन उणिवा राहिल्या. एक अशी की, मोजला जातो तो विभागाचा वापर, त्या विशिष्ट आज्ञावलीचा नव्हे. एखादी आज्ञावली मोठ्या विभागाच्या कोपऱ्यात दिवसातून दहा मिनिटे चालत असली, तरी तिचे मोल साऱ्या बिऱ्हाडाच्या शिखरावरून ठरते. दुसरी उणीव अशी की, महिन्यातील एका दिवसाची चार तासांची गर्दी सबंध महिन्याचे मोल ठरविते. साहजिकच हे शिखर खाली आणण्याची एक विद्याच निर्माण झाली. रात्रीची कामे पुढेमागे ढकलावी, विभागाला आधीच मर्यादा घालावी, जुन्या आज्ञावली अधिक काटकसरीने चालतील अशा करून घ्याव्या, ही कामे आज पुण्यात आणि हैदराबादेत बसलेले अनेक तंत्रज्ञ दूरदेशीच्या बँकांसाठी करीत असतात. त्यातील काटकसरीचे श्रम स्वागतार्ह होत. पण काम केव्हा करावे हे गरजेवरून न ठरता आकारणीच्या नियमावरून ठरू लागले, तर माप हे मोजण्याचे साधन न राहता धनी होऊन बसते.

हाच अनुभव आदिलाबादच्या शेतकऱ्याला विजेच्या पंपाने दिला आहे. आंध्र प्रदेशात १९८० नंतरच्या दशकात कृषिपंपांची आकारणी मीटरवरून न होता पंपाच्या अश्वशक्तीवरून होऊ लागली. महाराष्ट्रातही अश्वशक्तीवरील आकारणी दीर्घकाळ चालली. कारण समंजसपणाचे होते. रानोमाळ विखुरलेल्या विहिरींवर जाऊन मीटर वाचण्याचा खर्च वसुलीच्या मानाने फार होई. पण परिणाम काय झाला? पाच अश्वशक्तीचे पैसे एकदा भरले की पंप दोन तास चालवा की दहा तास, आकार तोच. ज्याच्या विहिरीला फेब्रुवारीतच तळ लागतो, तो आणि ज्याला उन्हाळाभर पाणी आहे तो, दोघेही एकाच ओळीत बसले. पाणी जपून वापरण्यात पैशाचा काही लाभ उरला नाही. पुढे २००४ मध्ये शेतीची वीज मोफत झाली, आणि तेलंगण राज्यात १ जानेवारी २०१८ पासून ती चोवीस तास देण्यात येऊ लागली, तेव्हा या भागापुरता हा वाद मिटला. नदीपलीकडे महाराष्ट्रात मात्र २०२४ साली वीजबिल माफ करताना साडेसात अश्वशक्तीची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे आकारणी गेली तरी सामर्थ्याचे माप राहिले.

अश्वशक्तीच्या आकारणीने आणखी एक गोष्ट शिकविली. पंपावरच्या पाटीवर तीन अश्वशक्ती आणि आतील मोटर पाचाची, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. सामर्थ्यावर पैसे मोजले जाऊ लागले की सामर्थ्याची पाटी आणि सामर्थ्य यांत अंतर पडू लागते. मेनफ्रेमच्या व्यवहारात हेच अंतर खुद्द विक्रेत्याने, सवलत म्हणून, उघडपणे पाडले. ‘झेड ९९०’ (२००३), ‘झेड ९’ (२००५) आणि ‘झेड १०’ (२००८) या यंत्रांवर एमएसयूचा आकडा त्यांच्या खऱ्या ताकदीच्या मानाने मुद्दाम कमी लावण्यात आला, जेणेकरून नवे यंत्र घेणाऱ्याचे आज्ञावलींचे मोल उतरावे. ग्राहकाचा यात फायदा झाला, हे खरे. पण त्याबरोबर हेही सिद्ध झाले की, एमएसयू हे शेर-पायलीसारखे तटस्थ माप राहिले नव्हते. ज्याने माल विकावयाचा त्यानेच तराजूची वजने ठरवावयाची, अशी ती व्यवस्था होती. त्याने यावेळी माप उदारपणे घातले, एवढेच.

त्यानंतरच्या दुरुस्त्याही याच दृष्टीने पाहाव्यात. हाती मोबाइल आल्यावर खातेदार दिवसातून अनेकदा शिल्लक पाहू लागले. त्या पाहण्याने बँकेला एक पैसाही मिळत नाही. परंतु यंत्राचे शिखर वाढते आणि त्यासरशी मोल वाढते. तेव्हा २०१४ मध्ये अशा व्यवहारांच्या वापराचा बराचसा भाग हिशेबातून वगळण्याची सवलत देण्यात आली. २०१९ पासून चार तासांच्या शिखराऐवजी वर्षभराच्या एकूण वापरावर आधारलेला करारही करता येऊ लागला. क्रम लक्षणीय आहे. यंत्राचे पूर्ण सामर्थ्य, मग वापराचे शिखर, मग एकूण वापर. १९६० च्या दशकातील भाड्याच्या यंत्रावरील मीटर फिरून पुन्हा दारी आला असे म्हणता येईल. फरक इतकाच की, आता मोजणे स्वस्त झाले आहे. मोजणे महाग होते तोवर सामर्थ्यावरची आकारणी समर्थनीय होती. यंत्रच स्वतःच्या प्रत्येक क्षणाचा जमाखर्च लिहू लागल्यावर त्या समर्थनातील मोठा आधार गेला.

मग सामर्थ्यावरची आकारणी सर्वस्वी त्याज्य म्हणावी काय? तसेही नाही. तिच्यात खर्चाची निश्चिती असते. आणि वापरावरच्या आकारणीत काम वाढताच बिल वाढते, म्हणून काटकसरी व्यवस्थापक नवे उपयोग शोधण्यासही कचरतो. तेव्हा कोणते माप, यापेक्षा ते माप कोणत्या अटींवर वापरले जाते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. वरील उदाहरणांवरून अशा तीन अटी दिसतात. माप देणाऱ्यालाही पडताळता आले पाहिजे. घेणाऱ्याने काहीही न करता देणाऱ्याच्या स्वतःच्या खर्चाने वा कष्टाने जे सामर्थ्य वाढले, त्याचा भार आकारणीत येता कामा नये. विहिरीच्या नियमाचा हाच अर्थ. आणि देणाऱ्याला, माप अन्यायाचे वाटल्यास, दाद मागण्याची किंवा निघून जाण्याची वाट असली पाहिजे.

या तिसऱ्या अटीवरच मेनफ्रेमचा व्यवहार सर्वांत दुबळा ठरतो. सुताराचे बलुते औतावर ठरे. पण सुतार आणि कुणबी दोघेही त्याच गावचे असत. तंटा झालाच तर पंच बसत, आणि सुताराला जशी कुणब्याची गरज तशी कुणब्याला सुताराची. त्या व्यवस्थेत जातीची जी जखडण होती तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. पण सुताराने बलुते मनास येईल तसे वाढवावे, हे मात्र तिच्यात शक्य नव्हते. याउलट ज्या बँकेचे व्यवहार चाळीस-पन्नास वर्षे कोबोल भाषेतील लक्षावधी ओळींच्या आज्ञावलींत गुंतले आहेत, तिला दुसरीकडे जावयाचे म्हणजे सारे घर पाडून नव्याने बांधावयाचे. जो सहज निघून जाऊ शकत नाही त्याच्याकडून घेतलेली किंमत, ती कोणत्याही मापाने मोजली, तरी तिच्या न्याय्यतेविषयी शंका राहणारच.

शिक्षकवाचकांना हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. शाळेच्या पटावरील संख्या आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांतील भेद त्यांच्याइतका कोणाला ठाऊक असणार? शिक्षकांची पदे पटावर ठरतात, तर दुपारच्या भोजनाचा हिशेब उपस्थितीवर होतो. आणि दोन्ही मापांना आपापल्या जागी कारण आहे. उद्या शाळांसाठी, ग्रंथालयांसाठी, नगरपालिकांसाठी आज्ञावली घ्यावयाच्या झाल्या, तर विक्रेता पटावरून पैसे मागेल की उपस्थितीवरून, हे करारावर सही करण्यापूर्वीच विचारावयाचे असते. माप कोणी ठरविले, ते आपल्याला तपासता येईल काय, आणि पाच वर्षांनी सोडून जावेसे वाटले तर आपली कागदपत्रे आपल्या हाती परत येतील काय, हेही त्याच वेळी विचारावे. सही झाल्यानंतर हे प्रश्न विचारण्यात अर्थ राहत नाही, हे मोठमोठ्या बँकांनी भारी किंमत मोजून शिकलेले आहे.